तो 'डी' नाही, तो तुमचा सा आहे

वाचकाचं पत्र

मी ५२ वर्षांची आहे. कर्वेनगरला राहते, लक्ष्मी रोडवरच्या एका बँकेत नोकरी करते. मुलगी नोकरीसाठी बाहेर गेली आणि तिचा डिजिटल पियानो धूळ खात पडला, म्हणून चार वर्षांपूर्वी मीच क्लास लावला. एबीआरएसएमची (लंडनच्या बोर्डाची पाश्चात्य संगीताची परीक्षा) ग्रेड थ्री पास झाले, पण 'ऑरल'मध्ये, म्हणजे कान तपासतात त्या भागात, १८ पैकी १०. आता ग्रेड फाइव्हची तयारी चालू आहे. आमचे सर (वय २६, पण सर ते सरच) एक धून दोनदा वाजवतात आणि म्हणायला सांगतात. शेवटचा सूर येईपर्यंत पहिला पुसला गेलेला असतो. शेजारचा सहावीतला मुलगा मात्र फाडकन म्हणून मोकळा होतो. शाळेत असताना मी गांधर्वची (गांधर्व महाविद्यालयाची गाण्याची परीक्षा) 'प्रवेशिका पूर्ण' झाले होते, पुढे गाणं सुटलं. या वयात कान तयार होतो का? एखादं चांगलं ॲप आहे का? की ऑरल नसलेली परफॉर्मन्स ग्रेड देऊन टाकू? घरी सरावाला बसले की आतल्या खोलीतून 'हे' म्हणतात, "सूर पडला." टीव्हीवर एखाद्या मालिकेचं शीर्षकगीत लागलं की ते पियानोवर शोधावंसं वाटतं, तेही जमत नाही.

— एक वाचक, कर्वेनगर

उत्तर

ताई,

आधी त्या १० मार्कांचं बघू. तुम्ही बँकेतल्या, हिशोब तुम्हाला मी काय सांगायचा. परीक्षा १५० मार्कांची, १००ला पास. ऑरलला १८, त्यात १२ म्हणजे पास. पण प्रत्येक विभागात वेगळं पास व्हावं लागत नाही, बेरीज १०० झाली की झालं. म्हणजे तुमचे ऑरलमध्ये दोन मार्क कमी पडले. तेवढ्यावरून 'मला कानच नाही' इथपर्यंत जायचं काही कारण नाही.

परफॉर्मन्स ग्रेड ही २०२०पासून आलेली सोय आहे. चार पीस एका दमात वाजवायचे, व्हिडिओ पाठवायचा. स्केल्स नाहीत, साइट-रीडिंग (न पाहिलेलं नोटेशन वाचून वाजवणं) नाही, ऑरल नाही. परीक्षा म्हणून ती कमी दर्जाची अजिबात नाही. नुसतं वाजवण्यातच ज्यांना आनंद आहे त्यांना मी खुशाल तिकडे पाठवते. तुम्हाला नाही पाठवणार. कारण तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य. ऐकलेली धून पियानोवर शोधावीशी वाटते आणि सापडत नाही, याचंच नाव ऑरल. तोच भाग परीक्षेतून काढून टाकलात तर सर्टिफिकेट येईल, पण ते शीर्षकगीत काही सापडायचं नाही.

वयाचं थोडक्यात. वय वाढतं तसं ऐकणं आधी कमी होतं ते अगदी वरच्या, तीक्ष्ण आवाजांचं. ऑरलमधल्या धुना असतात गळ्याच्या टप्प्यात, साधारण २०० ते ८०० हर्ट्झच्या आसपास. त्या तुम्हाला मला आणि त्या सहावीतल्या मुलाला सारख्याच ऐकू येतात. आणि कुठलाही सूर ऐकून 'हा ए' असं त्याचं पाश्चात्य नाव सांगणारा कान या परीक्षेला लागतच नाही. परीक्षक आधी कॉर्ड (तीन सूर एकदम) वाजवतात आणि सुरुवातीचा सूर देतात. तिथून पुढे एका सुराचं दुसऱ्याशी काय नातं आहे एवढंच ओळखायचं असतं, आणि ते पन्नाशीत शिकता येतं. दर वर्षी माझ्याकडे कुणी ना कुणी शिकतंच.

आता मुद्द्याचं. प्रवेशिका पूर्ण झाल्याचं तुम्ही जाता जाता लिहिलंत, जणू तो जुना पत्ता आहे. माझ्या मते तुमची सगळी पुंजी तिथेच पडून आहे. मला शंका अशी आहे की सर धून वाजवतात तेव्हा तुम्ही मनात 'डी, ई, एफ शार्प, परत डी...' असं काहीतरी धरू बघता. किंवा काहीच धरत नाही, नुसता नाद मागे राहील या आशेवर बसता. दोन्ही प्रकार म्हणजे अनोळखी फोन नंबर एकदा ऐकून पाठ करण्यासारखं. सातव्या आकड्याला पहिला गळतो. तेच आकडे कुणाच्या जन्मतारखेसारखे लागले की आयुष्यभर लक्षात राहतात. सुरांना ती ओळख सरगम देते. 'ग रे सा' हे तीन सूर तुम्हाला कुणी झोपेतून उठवून ऐकवले तरी तुम्ही म्हणाल, हे घरी आले.

मग ते पियानोच्या क्लासमध्ये का होत नाही? कारण पियानोवर बसल्यावर तुमचा सा पांढरी एकला, म्हणजे सीला, चिकटून बसतो. सगळ्यांचंच होतं, कारण पहिल्या दिवशी सी शिकवतात आणि आपण मनात म्हणतो, 'हं, हा सा.' मग तुकडा डी मेजरमध्ये आला की कानाला काही कळेनासं होतं. पण ताई, पेटीवाल्याने 'कुठली पट्टी?' विचारल्यावर 'काळी चार' किंवा 'पांढरी पाच' सांगणाऱ्या परंपरेत तुम्ही शिकलात. पट्टी बदलली की सा बदलतो हे तुम्हाला शाळेत ठाऊक होतं. डी मेजर म्हणजे पांढरी दोनची पट्टी, बस. जी मेजर म्हणजे पांढरी पाच. परीक्षकांनी आधी वाजवलेली कॉर्ड म्हणजे त्या पट्टीचे सा, ग आणि प एकदम. ती वाजली की त्यातला सा पकडायचा आणि ओठ मिटून मनात धरून ठेवायचा. धून प पासून सुरू होवो की ग पासून, आपल्याला घर माहीत असलं म्हणजे झालं.

एक उदाहरण जवळून बघू. ग्रेड फाइव्हमध्ये सहा सूर नोटेशन बघून गायचे असतात, लयीचं बंधन नाही. बहुतेक मोठ्या माणसांचा इथेच घाम फुटतो. समजा पट्टी डी मेजर आणि सूर आले: डी, ई, डी, खालचा बी, खालचा ए, डी. असं वाचलं तर सहा अनोळखी माणसं. आता डीला सा म्हणा. सा रे सा, मंद्र ध, मंद्र प, सा. म्हणून बघा. यात तुम्हाला भूप रागाचा वास आला नाही तर मला कळवा! आणखी एक गंमत सांगते. या चाचणीत दोन लगतच्या सुरांत 'तिसऱ्या'पेक्षा, म्हणजे सा-ग एवढ्यापेक्षा मोठी उडी नसते. अपवाद एकच, खालच्या पंचमावरून सा वर चढणं. ही उडी तुम्ही किती वेळा ऐकली आहे? तानपुऱ्याची पहिली तार पंचमाची, दुसरी जोडीतल्या सा ची. पहिल्या तारेवरून बोट दुसरीवर आलं की हीच उडी. शाळेपासून कानात मुरलेली ही गोष्ट परीक्षेत वेगळ्या नावाने समोर येते, आणि आपण तिला घाबरतो.

शिवाय एखादा सूर चुकलाच तर या चाचणीत परीक्षक योग्य सूर वाजवून पुढे नेतात, तिथे गाडी थांबत नाही. आणि आवाजाचा तर प्रश्नच नाही. गळा गोड आहे का हे कुणी बघत नाही, सूर बरोबर आहे का एवढंच बघतात. 'ना', 'ला', गुणगुणणं, शिट्टीसुद्धा चालते. वरच्या सप्तकात जात नसेल तर खालच्यात म्हणा. सरगम मनात आणि तोंडाने 'ना', असं मी मुलांना सांगते.

आता ती दोनदा वाजणारी धून. ही गाऊनही दाखवता येते आणि वाजवूनही. पियानो शिकणाऱ्यांना वाजवणं सोपं वाटतं, पण त्यात बोटं शोधायचं आणखी एक काम वाढतं. तुम्ही गा. पहिल्यांदा वाजेल तेव्हा काहीही पाठ करायचा प्रयत्न करू नका. फक्त दोन गोष्टी बघा: मध्यावर कुठल्या सुरावर थांबली आणि शेवटी कुठे आली. बहुतेक धुनांचे दोन भाग असतात, पहिला हवेत लटकतो, दुसरा घरी येतो. मधला मुक्काम बरेचदा प किंवा रे वर आणि शेवट सा वर. ही दोन स्टेशनं कळली की दुसऱ्या वेळी मधला रस्ता भरायचा, ओठ हलवत, आवाज न काढता. शेवटाकडून मागे आठवायची सवय लावा. पहिला सूर पुसला गेला तरी तो परीक्षकांनी दिलेलाच असतो, धरून ठेवायचा तो शेवट.

आपल्याकडचं गाणं शिकलेल्यांना एक धोका आहे, तोही सांगते. आपण सुरावर सरळ उतरत नाही. कण (शेजारच्या सुराचा स्पर्श) घेतो, मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) घेतो, ओळीच्या शेवटी जरा रेंगाळतो. आपल्या कानाला ते सुंदर, परीक्षकाला मात्र वाटतं की बाई सूर शोधताहेत. तिथे सूर खिळे ठोकल्यासारखे सरळ लावा आणि मात्रा सोडू नका.

टाळ्यांचा भाग माझा स्वतःचा नाक कापून घेतलेला भाग आहे. मी ग्रेड फाइव्ह दिली तेव्हा चाळिशी ओलांडली होती. परीक्षकांनी एक तुकडा वाजवला आणि त्याची लय टाळीने द्यायला सांगितलं. मी मान डोलवत, तीन मात्रांचा सुरेख ताल दिला, पहिल्या मात्रेवर जोर वगैरे देऊन. त्यांनी अगदी नम्रपणे विचारलं, सुरांची लय द्याल का? तेव्हाही मला कळलं नाही, मी परत तोच ताल दिला, यावेळी जरा मोठ्याने. बाहेर जिन्यात आल्यावर डोक्यात प्रकाश पडला. आपल्याकडे हात ताल धरतो आणि गळा धून म्हणतो. सवाईच्या मांडवात बघा, हजार माणसं मांडीवर सम देत असतात, धून कुणी मांडीवर वाजवत नाही. इथे नेमकं तेच मागतात: प्रत्येक सुराला एक टाळी, लांब सुराला एक टाळी आणि थांबा, आखूड सुरांना भराभर. तबल्याचे बोल हाताने म्हणायचे असं समजा. मग लगेच विचारतात, दोन मात्रांचं, तीनचं की चारचं. तिथे तुमचा जुना हात कामाला येतो, तो पायाच्या अंगठ्यात हलवा. सम किती मात्रांनी परत येते एवढंच मोजायचं.

ग्रेड फाइव्हमध्ये एक पीस ऐकवून दोन प्रश्न विचारतात. पहिला लहान-मोठा आवाज, लय, तुटक की जोडलेलं, मेजर-मायनर, किंवा भाव यांपैकी एकावर. दुसरा शैली आणि काळावर. कशावर विचारणार ते आधीच सांगतात, तेव्हा बाकीचं ऐकायचंच नाही.

मेजर-मायनर ओळखताना 'उदास वाटलं म्हणजे मायनर' हा शॉर्टकट सोडून द्या. काफी रागात गंधार (ग) कोमल असतो आणि काफीत होरी गातात, रंग उडवत. त्यात कुठे उदासी आहे? भाव बघू नका, गंधार बघा. सा धरा, वर जाताना ग शुद्ध आहे की कोमल हे विचारा. शुद्ध असेल तर मेजर, म्हणजे आपला बिलावल. कोमल असेल तर मायनर. मायनरमध्ये ध आणि नि जागा बदलत राहतात, कधी किरवाणी रागासारखे, चढताना कधी पटदीपसारखे. त्यांच्या नादी लागू नका, गंधार खोटं बोलत नाही.

काळाचं मात्र ऐकूनच येतं, त्याला सरगमचा उपयोग नाही. रोज बँकेत जाताना एक तुकडा ऐका. बाख (निधन १७५०) आणि त्याच्या आसपासचं बरोक संगीत ऐकलंत की दोन्ही हात एकमेकांशी बोलताना, एकमेकांची वाक्यं उचलताना ऐकू येतील. मोझार्टच्या (१७५६–१७९१) काळात उजवा हात गातो आणि डावा त्याच्याखाली कॉर्डचे सूर सुटे करून फिरवत राहतो, वाक्यं नेटकी, प्रश्न-उत्तरासारखी. रोमँटिक काळातला शोपँ (१८१०–१८४९) म्हणजे पेडल, ताणलेली लय, खालपासून वरपर्यंत पसरलेले हात. आणि सूर एकमेकांत टोचायला लागले, मात्रा अडखळायला लागल्या की विसावं शतक म्हणा. एवढ्या चार खुणांवर बरंच निभतं. उत्तर दोन शब्दांत देऊ नका, कारणही जोडा: 'रोमँटिक, कारण पेडल भरपूर आणि लय ताणलेली.' चाचपडत दिलेल्या बरोबर उत्तराला मार्क कमी मिळतात.

ॲपचं विचारलंत. फुकटातली, विकतची, सगळी चाळून झाली माझी. बहुतेक ॲप दोन सूर वाजवून 'हा चौथा की पाचवा' असं विचारतात. तुमच्या परीक्षेत हा प्रश्नच नाही. वर, सा नसलेले सुटे दोन सूर ओळखायची सवय लागली की धून ऐकताना तीच आडवी येते. पैसे वाचवा. तुमचा फोन पुरेसा आहे. रविवारी पियानोवर बसा, क्लासच्या पुस्तकातल्या अनोळखी पानांवरून चार-चार बारच्या (बार म्हणजे मात्रांचा एक गट) दहा धुना घ्या आणि फोनवर रेकॉर्ड करा. प्रत्येकीच्या आधी कॉर्ड आणि पहिला सूर, धून दोनदा, मग तेवढाच वेळ शांतता. दोन दिवस ते ऐकूच नका. मंगळवारपर्यंत तुम्ही वाजवलेलं तुम्हीच विसरलेल्या असता. मग रोज दोन धुना, त्या शांततेत म्हणायच्या. बारा मिनिटांचं काम आहे. रविवारी दीड तास एकदम करण्यापेक्षा रोजची बारा मिनिटं कानाला लागतात.

बाकी सराव चालता-फिरता. आमच्या दाराच्या बेलचे दोन सूर ग आणि सा आहेत, हे मला वीस वर्षांनी कळलं. तुमच्या बेलचे कुठले? कुकरच्या शिट्टीला सा मानून खाली प पर्यंत उतरता येतं का? तुम्ही दुचाकीवर जात असाल तर नळ स्टॉपच्या सिग्नलला हेल्मेटच्या आत सा लावून बघा, स्वतःचा आवाज इतका स्पष्ट कुठेच ऐकू येत नाही. हिरवा लागला की मात्र गाणं बंद.

सरांना एक विनंती करा. बऱ्याच क्लासमध्ये ऑरल शेवटच्या पाच मिनिटांत उरकतात, किंवा परीक्षेच्या पंधरा दिवस आधी आठवतं. पहिली पाच मिनिटं मागा, बोटं गरम व्हायच्या आधीची. आणि शेजारचा मुलगा म्हणायच्या आधी तुम्ही म्हणा. तो म्हणून झाला की तुमच्या डोक्यात धून नाही, त्याची धून राहते. वयाने लहान सरांना सांगायला संकोच वाटेल, पण २६ वर्षांच्या सरांना ५२ वर्षांची विद्यार्थिनी काय विचारते याची तुमच्यापेक्षा जास्त धास्ती असते.

राहता राहिले 'हे'. सूर पडलेला त्यांना आतल्या खोलीतून कळतो, म्हणजे घरात एक चांगला कान आहे आणि तो फुकट चाललाय. त्यांना बाहेर बोलवा, फोनवरची धून लावायचं काम द्या, आणि पुढच्या वेळी 'पडला' म्हणाले की विचारा, कुठे? मधेच की शेवटी? माझा अंदाज, शेवटी. श्वास संपतो आणि शेवटचा सा जरा खाली बसतो. परीक्षक धून सुरू करायच्या आधी दोन बार मोजतात, ते मोजणं मनात परत म्हणा आणि गायला लागण्याआधी त्यातच पोटातून श्वास भरा. आणि 'हे' जर म्हणाले की 'शेवटचा नाही, तिसरा, म्हणजे रे, पडला', तर त्यांचंही नाव पुढच्या वर्गात घालून टाका.